खुराड्यावरचा पत्रा

गेल्या उन्हाळ्यातलं सांगतो. शिरोली एमआयडीसीत एका जुन्या शेडचे पत्रे उतरवायचं काम होतं, मी सुपरवायझर. पत्रे आपले सिमेंटचे, शेवाळ धरून काळे पडलेले, मालकाच्या वडलांच्या काळातले. म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस. सिमेंटात मिसळतात ते बारीक तंतूंचं खनिज. माहीत होतं मला, पण खोटं कशाला बोलू, सकाळी चहा घेताना डोक्यात एकच, संध्याकाळपर्यंत शेड मोकळी झाली पाहिजे.

हुक बोल्ट गंजून आवळलेले, पाना काय फिरेना, मग मिस्त्रीमामांनी ग्राइंडर काढला आणि बोल्टासकट पत्रा पण कापायला लागले. मी खाली आलो तर वरच्या भोकातनं उन्हाची तिरीप आत आलेली आणि तिच्यात धूळ नुसती तरंगत होती, खाली बसायचं नाव नाही. तिथंच तिघी आक्का फुटके तुकडे घमेल्यात भरत होत्या, तोंडाला पदर बांधून. पदरानं धुळीतले हे तंतू कुठले अडायला, डोळ्याला दिसत पण नाहीत. आज आत गेले की २०-३०-४० वर्षांनी फुफ्फुसाचा नाहीतर त्याच्या आवरणाचा कॅन्सर होऊ शकतो, तवर ठेकेदार कोण होता हे कुणाला आठवणार!

काम थांबवलं. म्हटलं मामा ग्राइंडर बंद, आधी पाणी मारा, बोल्ट कटरनं तोडा आणि पत्रा अख्खा उतरवा, फोडायचा नाही.

"साहेब, माझ्या घरावर पण हेच हायत की," मामा म्हणाले. आमच्या गावाकडच्या गोठ्यावर पण हेच आहेत, गप्प बसलो.

दोन दिवस वाढणार म्हटल्यावर मालकाचा फोन. "अहो, एवढं वाईट असतं तर सरकारनं बंद केलं नसतं का? दुकानात नवे मिळतात जाऊन बघा." ह्याला काय उत्तर देणार? ऑस्ट्रेलियानं २००३ च्या शेवटी पूर्ण बंदी घातली, युरोपियन युनियननं २००५ ला, आणि आपण रशियातनं आणून पत्रे बनवतोय, तेही कायद्यात बसून. सुप्रीम कोर्टानं १९९५ साली अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांना सांगितलं की कामगार लागल्यापासून निदान ४० वर्षं त्याच्या तब्येतीची नोंद ठेवा. आमच्या मस्टरवर आक्कांचं आडनाव पण नसतं.

शेवटी पाणी मारूनच काम झालं, मालकाची बोलणी खात.

सुट्टीच्या वेळेला एक आक्का अर्धा पत्रा धरून उभी. "ह्यो चांगला हाय, कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकते." नको म्हटलं, समजावलं तिला.

"दुकानातनं इकत आणला तर चालतोय, आन् फुकट न्हेला की इख व्हय?"

मी मालकाचा फोन आला म्हणून बाजूला गेलो. परत येऊन ढिगावर ताडपत्री टाकली तेव्हा तो अर्धा पत्रा त्यात नव्हता.