गडांना पाथरवट कोण देणार?

जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी स्थापत्याची साक्ष देणारे 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत दाखल झाले. त्यांतील 11 महाराष्ट्रात आहेत आणि बारावा, जिंजी, तामिळनाडूत. ढोल-ताशे वाजले, फलक लागले, ते योग्यच झाले. परंतु त्या तटांचे ढासळलेले चिरे पुन्हा बसवणारे हात कुठून आणायचे, याची चर्चा मला फारशी ऐकू आली नाही.

हे काम साध्या गवंड्याचे नव्हे. एका गडावर दरवाजाशेजारच्या तटाचे सांधे सिमेंटने भरलेले मी पाहिले. सिमेंट शाबूत होते, पण आत मुरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच न उरल्याने भिंतीला पोट आले होते. चुना श्वास घेतो, ओल बाहेर सोडतो, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत सावकाश घट्ट होतो. तो विरवायला, चुन्याच्या घाण्यात मळायला, त्यात गूळ, हिरडा किंवा बेलफळाचा गर किती घालायचा हे ठरवायला सवय लागते. दगडाचेही तसेच आहे. जाणता पाथरवट काळ्या दगडावर आधी हातोडीने टिचकी मारतो; खणखणीत आवाज आला तरच छन्नी लावतो, बद्द आवाज आला तर आत चीर आहे असे समजून तो दगड बाजूला सारतो. हा कान पुस्तकातून तयार होत नाही.

एकेकाळी वडार समाजातल्या कुटुंबांत हे कसब घरातच मिळत असे. जात्याला, पाट्याला टाकी लावणारे हात मिक्सरने रिकामे केले आणि खडी फोडण्याचे काम क्रशरने घेतले. मुलांनी या धंद्यात यावे असे आईबापांनाही वाटत नाही, आणि दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार पाहता त्यांना दोष कसा द्यावा?

सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील 18 व्यवसायांत गवंडी, पाषाणशिल्पकार आणि दगड फोडणारे यांचा समावेश आहे. त्यात अवजारांसाठी 15,000 रुपये आणि प्रशिक्षणकाळात रोज 500 रुपये मिळतात. मदत म्हणून हे स्वागतार्हच. पण 5 ते 7 दिवसांच्या प्राथमिक वर्गाने, किंवा त्यापुढच्या पंधरवड्यानेही, असलेल्या कारागिराला चार नव्या गोष्टी कळतील, नवा पाथरवट घडणार नाही. त्यासाठी उस्तादाच्या हाताखाली काही वर्षे, पगारासह आणि तोंडावर मास्क लावून, प्रत्यक्ष कामावरच काढावी लागतात.

पुढच्या काळात मागणी वाढेल, याविषयी मला शंका नाही. गडांखेरीज घाट, बारवा, मंदिरे आणि वाडेही दुरुस्तीच्या रांगेत आहेत. अडचण आहे ती मागणीच्या तुटकपणाची. निविदा निघते, सर्वांत कमी दराचा ठेकेदार येतो, निधी संपला की काम थांबते, आणि कारागीर शहरात फरशी बसवायला निघून जातो. म्हणून प्रत्येक दुरुस्तीच्या निविदेतच ठरावीक संख्येने शिकाऊ उमेदवार ठेवण्याची अट असावी, त्यांचे वेतन अंदाजपत्रकात वेगळे दाखवावे, आणि एका गडाचे काम संपताच ती तुकडी दुसऱ्या गडावर पाठवावी.