खडकांचे सांधे बघायला स्कॉटलंड: एडिंबरा, सिकार पॉइंट, ग्लेन टिल्ट

अग्निज, गाळाचे आणि रूपांतरित असे खडकांचे तीन प्रकार शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेले असतात, पण एकाचा दुसरा होतो कसा हे त्या बाणांच्या गोल आकृतीतून डोक्यात उतरत नाही असं माझं ठाम मत आहे. ते बघायचं तर दोन वेगळे खडक जिथे एकमेकांना भिडतात तो सांधा गाठायचा. नुसता ग्रॅनाइट किंवा नुसता वालुकाश्म बघून काय झालं ते कळत नाही, सांध्यावर कळतं की कोण आधी आला, कोण नंतर आला आणि येताना गरम होता की थंड. असे तीन जबरदस्त सांधे पूर्व स्कॉटलंडमध्ये एकमेकांपासून फार लांब नाहीत, आणि तिन्हींवर आधुनिक भूगर्भशास्त्राचा जनक मानला जाणारा जेम्स हटन (१७२६ ते १७९७) स्वतः जाऊन उभा राहिला होता, म्हणून आम्ही अख्खी ट्रिपच त्याच्या मागावर आखली.

सुरुवात एडिंबरापासून करा, कारण इथे शहराच्या मधोमध ज्वालामुखी आहे. आर्थर्स सीट नावाची टेकडी, उंची २५१ मीटर, वय साधारण ३४ कोटी वर्षं, अर्थात कधीच विझलेला, आणि नंतर हिमनद्यांनी तासून त्याची आतली बाजू उघडी पाडलेली. बहुतेक लोक शिखरावर जाऊन फोटो काढून उतरतात, तुम्ही आधी खालच्या रस्त्याने सॅमसन्स रिब्जला जा. तिथे बेसाल्टचे उभे बहुकोनी खांब एकाला एक लागून उभे आहेत, शिलारस हळूहळू थंड होताना आकसतो आणि त्याला अशा नियमित भेगा पडतात.

मग सॅलिसबरी क्रॅग्ज. ही कड्यांची लांब रांग म्हणजे आधीच तयार असलेल्या गाळाच्या थरांमध्ये आडवा घुसलेला शिलारस, ज्वालामुखी शांत झाल्यानंतरच्या काळातला. दक्षिण टोकाला हटन्स सेक्शन आहे, तिथे खालचे थर शिलारसाने उचकटून वर उचललेले दिसतात. हटनच्या काळी वेर्नर हा जर्मन भूगर्भतज्ज्ञ आणि त्याच्या मताचे लोक म्हणायचे की बेसाल्ट, ग्रॅनाइट सगळं समुद्राच्या पाण्यातून साचून झालंय, आणि साचलेला खडक खालच्या थराला उचकटेल कसा, हा हटनचा मुद्दा इथे डोळ्यांना दिसतो. अजून एक गोष्ट म्हणजे सांध्याला लागून या खडकाचे कण एकदम बारीक असतात आणि आत जावं तसे भरड होतात, कारण कडेला तो पटकन गार झाला, आत निवांत. हटनचा मित्र जेम्स हॉल याने असाच काळा खडक भट्टीत वितळवून बघितला होता, झटकन गार केला तर काच झाली, सावकाश गार केला तर परत कणीदार खडक. मला हा प्रयोग फार आवडतो, इतका साधा आणि वाद मिटवणारा.

प्रॅक्टिकल अडचण अशी की कड्याखालून जाणारी रॅडिकल रोड नावाची वाट २०१८ मध्ये दरड पडल्यावर बंद केली होती. आम्ही सांधा कुंपणाबाहेरून दुर्बिणीतून बघितला आणि तरी छान दिसला, त्यामुळे दुर्बीण न्याच. जायच्या आधी हिस्टॉरिक एन्व्हायर्न्मेंट स्कॉटलंड या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेच्या साइटवर सध्याची स्थिती बघून घ्या, कुंपण ओलांडू नका, दगड खरंच पडतात.

सिकार पॉइंट या समुद्रकाठच्या खडकाळ टोकासाठी मात्र अख्खा दिवस ठेवा. एडिंबराहून पूर्वेला ए१ महामार्गाने साधारण ६० किलोमीटर, मग छोट्या रस्त्याने, गाडी लावून शेतांच्या कडेने चालत जायचं, वाटेत सेंट हेलेन्स चॅपलचे पडके अवशेष लागतात. वर कड्यावर माहितीचा बोर्ड आहे आणि बरेच जण तिथूनच परत फिरतात, तुम्ही फिरू नका. खाली उतरायचा गवताचा उतार मात्र खरोखर तीव्र आहे, ओला असेल तर घसरगुंडीच, चांगल्या ग्रिपचे बूट नसतील किंवा पाऊस पडून गेला असेल तर वरूनच बघा, वरूनही मुख्य गोष्ट दिसते.

ती गोष्ट अशी. खाली ग्रेवॅकचे, म्हणजे एका कठीण चिखलमिश्रित वालुकाश्माचे, करडे थर जवळजवळ उभे, शेल्फवर लावलेल्या पुस्तकांसारखे, आणि त्यांच्या डोक्यावर लाल वालुकाश्म किंचित कललेला पसरलाय. करडे थर साधारण ४३.५ कोटी वर्षांपूर्वी आयापेटस नावाच्या समुद्राच्या खोल तळाशी आडवे साचले, तो समुद्र मिटत गेला तसे ते दाबले गेले, दुमडले, उभे झाले, वर आले, मग जमिनीवर ऊन-पावसाने झिजत गेले, आणि त्या झिजलेल्या माथ्यावर साधारण ३७ कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी लाल वाळू आणून टाकली. मधल्या साडेसहा कोटी वर्षांचा इथे एकही थर नाही, आहे ती फक्त एक रेघ. १७८८ मध्ये हटन, हॉल आणि हटनचा आणखी एक मित्र जॉन प्लेफेअर होडीतून इथे आले होते, आणि पृथ्वीचं वय काही हजार वर्षांत मावणार नाही याचा पुरावा त्यांना याच रेघेत दिसला.

खाली पोचलात की लगेच फोटो काढायच्या मागे लागू नका, रेघेपाशी बसा आणि लाल खडकाचा अगदी तळ बघा. त्यात करड्या दगडाचे टोकदार तुकडे अडकलेत, काही बोटाएवढे, काही हाताएवढे, कडा अजून धारदार. म्हणजे ते लांबून वाहत आलेले नाहीत, वाहत आले असते तर गोल गुळगुळीत झाले असते. जुन्या खडकाचाच चुरा नव्या खडकाचा माल झालाय आणि तो जिथे फुटला तिथेच गाडला गेलाय! मी त्या तुकड्यांवरून बोट फिरवत किती वेळ बसले होते कोण जाणे.

लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा, वाळू हवेत उघडी पडत होती याची खूण. आणि करड्या थरांवर काही ठिकाणी लाटांच्या वळ्या शिल्लक आहेत, आता भिंतीसारख्या उभ्या, त्याही शोधा. भरतीचं टाइमटेबल बघून ओहोटीच्या आसपास जा, शेवाळावर पाय देऊ नका, आणि हातोडी अजिबात नको, ही संरक्षित जागा आहे.

रूपांतरित खडकांसाठी ग्लेन टिल्ट ही डोंगरातली दरी. ट्रेनने ब्लेअर अथॉलला उतरायचं आणि नदीच्या काठाने इस्टेटच्या कच्च्या रस्त्याने वर जायचं, फॉरेस्ट लॉजच्या पुढेपर्यंत एका बाजूला बारा-तेरा किलोमीटर. गाडी आत नेता येत नाही, चालण्यापेक्षा माउंटन बाइक बरी. इथले काळपट शिस्ट मुळात समुद्रातला चिखल आणि वाळू, डोंगर तयार होताना खोल गाडले गेले, तापले, दाबले गेले, न वितळताच त्यातल्या खनिजांची नवी रचना झाली आणि अभ्रकाचे पापुद्रे एका दिशेला लागले, म्हणून उन्हात तिरका धरला की तुकडा चमकतो. याच दरीत चुनखडीचा संगमरवर झालेला आहे, त्याची जुनी खाणही आहे. आणि नदीच्या पात्रात या शिस्टमध्ये लालसर ग्रॅनाइटच्या शिरा शिरलेल्या दिसतात, १७८५ मध्ये हटनला इथेच सापडल्या, ग्रॅनाइट एकेकाळी वितळलेला होता आणि शिस्टपेक्षा तरुण आहे याचा पुरावा म्हणून. शिरेचा एक फाटा पकडून शेवटपर्यंत जा, तो बारीक होत होत काळ्या खडकात संपतो.

नदीला पाणी जास्त असेल तर शिरा पाण्याखाली जातात, त्यामुळे दोनतीन कोरडे दिवस गेल्यावरच हा बेत ठेवा. उन्हाळ्यात मिजेस म्हणजे बारीक चावरे कीटक वैताग आणतात, जाळीची टोपी घ्या. उन्हाळ्याच्या शेवटी आणि शरदात हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो, तेव्हा इस्टेटकडे आधी चौकशी करा. आणि परतीच्या ट्रेन मोजक्याच आहेत, वेळ आधीच लिहून ठेवा, कारण पात्रात उतरलात की लवकर निघावंसं वाटत नाही.