आमची वाटचाल : जेट घेण्याआधीचा हिशेब

छोटं बिझनेस जेट घेऊ पाहणाऱ्या माणसाच्या बाजूने बसून हिशेब मांडायचा, हे आमच्या फर्मचं काम. आम्ही विमान विकत नाही, विकणाऱ्याकडून दलाली घेत नाही, आणि चार्टरचा, म्हणजे विमान भाड्याने उडवण्याचा परवानाही आमच्या नावावर नाही. घेणाऱ्याने आम्हाला ठरलेली फी द्यायची, मग उत्तर 'घ्या' असो की 'घेऊ नका'. सुरुवातीला या अटीवर लोक चकित व्हायचे. आता बहुतेक जण तीच ऐकून येतात.

मी मूळचा विमान देखभाल अभियंता. मुंबई विमानतळावर कालिन्याच्या बाजूला जनरल एव्हिएशनची, म्हणजे खासगी आणि चार्टरची विमानं उभी असतात, तिथे बरीच वर्षं नोकरी केली. माझे भागीदार हवाई दलातून निवृत्त झाले आणि नंतर बिझनेस जेटचे कॅप्टन म्हणून उडले. दोघांनी एकच गोष्ट वारंवार पाहिली होती : मालक हौसेने, स्वस्तात मिळालं म्हणून विमान आणतो आणि दीड-दोन वर्षांत ते एप्रनवर, म्हणजे विमानतळावरच्या विमानं लावायच्या जागेवर, उभंच राहतं. वैमानिकांचे पगार, विमा आणि पार्किंग मात्र थांबत नाही. पुण्यात विमाननगरला दोन खोल्या घेऊन आम्ही सुरुवात केली तेव्हा हातात फक्त लॉगबुक, म्हणजे विमानाच्या उड्डाणांच्या आणि देखभालीच्या नोंदवह्या, तपासण्याची कामं होती. त्या फायली चाळतानाच लक्षात आलं की मालकाचं नुकसान बहुतेक वेळा विमान येण्याआधी, सौदा होतानाच ठरून गेलेलं असतं.

म्हणून कोणीही आलं की आम्ही आधी प्रवासाची वही मागतो. गेल्या वर्षभरात घरातलं आणि कंपनीतलं कोण, कुठे, किती जण, कुठल्या दिवशी गेलं, मुक्काम होता का. वर्षाला साधारण दोनशे तासांखाली उडणं असेल तर स्वतःचं विमान घेऊ नका, चार्टर करा, असं आम्ही स्पष्ट सांगतो.

खानदेशातलं एक उद्योजक कुटुंब आलं होतं. त्यांचं जाणं-येणं दिल्ली, इंदूर, कोइमतूर आणि मुंबईला. थोरल्यांना घरात सगळे आबा म्हणतात, आम्हीही तेच म्हणू लागलो. आबांचा पहिलाच प्रश्न होता, "साहेब, जळगावला उतरेल ना? नाहीतर मला गाडी काय वाईट आहे?" इतका नेमका प्रश्न फार थोडे विचारतात.

जळगावची धावपट्टी 1,700 मीटरची. चार्टरवर उडणाऱ्या जेटला उतरून थांबण्याचं अंतर उपलब्ध धावपट्टीच्या 60 टक्क्यांत बसवावं लागतं. म्हणजे हाताशी 1,020 मीटर. पावसाने धावपट्टी ओली असेल तर लागणाऱ्या अंतरात आणखी 15 टक्क्यांची जोड धरायची, म्हणजे 1,020 ला 1.15 ने भागायचं, मग उरतात 887 मीटर. आबांच्या मनात होतं ते सेसना सायटेशन सीजे 2 प्लस. त्याला उतरण्याच्या कमाल वजनाला समुद्रसपाटीवरच साधारण 900 मीटर लागतात. वजन कमी असेल तर बसतं. पण परतीचं इंधनही टाकीत घेऊन यायचं म्हटलं की जुलैमध्ये गणित अडतं. आणि उन्हाळ्याची गोष्ट आणखी वेगळी. मे महिन्यात पारा 44 वर गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाच्या लेखी जळगाव महाबळेश्वरच्या उंचीवर जाऊन बसतं. उड्डाणाला धावपट्टी जास्त लागते आणि चढण्याचा जोर कमी पडतो. माहितीपत्रकातला आकडा समुद्रसपाटीचा आणि 15 अंश तापमानाचा असतो. आमच्या कॅप्टन साहेबांनी आबांसमोर तक्ते उघडले आणि प्रत्येक गावाचं, प्रत्येक ऋतूचं वजन काढून दाखवलं : किती माणसं, किती सामान, किती इंधन. पूर्ण दुपार गेली. आबा उठले नाहीत.

केबिनचाही विचार लागतो. सीजेच्या केबिनची उंची जेमतेम 1.45 मीटर, म्हणजे मोठं माणूस आत सरळ उभं राहू शकत नाही. एम्ब्रेअर फेनॉम 100 मध्ये 1.50 मीटर. पाच सेंटीमीटरने काय होतं, असं वाटतं. आबांच्या आईंना आम्ही हँगरमधल्या एका विमानात बसवून पाहिलं. त्या पायऱ्या चढल्या, वाकून दोन पावलं गेल्या, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "बसायला छान आहे रे बाबांनो, पण उठून मागे जायचं म्हणाल तर मला जमणार नाही." मागे म्हणजे स्वच्छतागृहाकडे. दिल्लीचा पल्ला दीड-पावणेदोन तासांचा. हा मुद्दा कुठल्याही माहितीपत्रकात सापडत नाही, पण घरातली वडील माणसं विमानात बसणार की नाहीत हे त्यावरच ठरतं.

चार्टरबद्दल मला सगळ्यात कळकळीने बोलायचं आहे. विकणारे सांगतात, "विमान चार्टरला लावा, ते स्वतःचा खर्च स्वतः भागवेल." छोट्या जेटच्या बाबतीत हे आम्ही होताना पाहिलेलं नाही. चार्टरच्या प्रत्येक तासातून आधी इंधन जातं. सीजे 2 प्लससारखं विमान तासाला साधारण पाचशे ते साडेपाचशे लिटर पितं. मग इंजिनाच्या देखभाल योजनेचा, म्हणजे पुढच्या मोठ्या दुरुस्तीसाठी आधीच भरायचा, तासागणिक हप्ता, तोही डॉलरमध्ये. मग उतरण्याचं शुल्क, वैमानिकांचा मुक्कामभत्ता, परवानाधारक ऑपरेटरचा वाटा. विमान जळगावला आणि गिऱ्हाईक मुंबईहून गोव्याला जाणारं असेल तर मुंबईपर्यंतची रिकामी फेरी कोणीतरी सोसायची असते. गिऱ्हाईक घासाघीस करणारं असलं की ती मालकावर येते. हे सगळं वजा जाऊन जे उरतं त्यातून वैमानिकांचे पगार, विमा, हँगर असा ठरलेला खर्च काही प्रमाणात हलका होतो. तेवढी अपेक्षा ठेवा, ती पुरी होते. कर्जाचा हप्ता चार्टरवर टाकू नका.

तारखांचा प्रश्न वेगळाच. चार्टरला मागणी येते ती दिवाळीत, लग्नाच्या दाट मुहूर्तांना आणि निवडणुकीच्या दिवसांत. मालकाच्या घरचं लग्नही त्याच मुहूर्तावर असतं! म्हणून करारात मालकाचे दिवस आधी लिहून घेतो आणि उरलेलेच दिवस ऑपरेटरला देतो. वर्षाला चार्टरचे जास्तीत जास्त तास किती, हेही लिहितो, कारण तास वाढले की पुढची मोठी तपासणी जवळ येते आणि विकताना किंमत उतरते.

कराबाबत आम्ही फार कडक आहोत. 22 सप्टेंबर 2025 पासून स्वतःच्या वापरासाठी आणलेल्या विमानावर जीएसटी 40 टक्के आहे. त्याआधी तो 28 टक्के आणि वर 3 टक्के उपकर होता. व्यावसायिक वापराच्या विमानाला 5 टक्के. फरक इतका मोठा आहे की 'कागदावर चार्टर दाखवू, वापरू आपणच' ही कल्पना लगेच सुचते. अशा कामाला आम्ही हात लावत नाही. विमान नॉन-शेड्यूल्ड परमिटवर, म्हणजे चार्टरच्या परवान्यावर घेतलं तर ते खरोखर भाड्याने उडलं पाहिजे, आणि मालकाच्या कंपनीनेही आपल्या फेरीचं बिल घेऊन पैसे भरले पाहिजेत. उलट बाजूने, खासगी नोंदणीचं विमान पैसे घेऊन कोणाला देता येत नाही, मित्राला इंधनाच्या खर्चावरसुद्धा नाही. अपघात झाला तर विमा कंपनी सगळ्यात आधी हेच पाहते.

आबांच्या कुटुंबाने आमच्या सांगण्यावरून आधी एक वर्ष चार्टरवर काढलं. वही भरली, तास पुरेसे झाले, मग वापरलेलं विमान शोधायला लागलो.

जुनं विमान बहुधा अमेरिकेतून येतं. तिथली विमानांची नोंदणी ओक्लाहोमा सिटीत असते, म्हणून पैसे आणि विक्रीपत्र सांभाळणारे मध्यस्थही बहुतेक त्याच शहरात. विमानावर कोणाचा बोजा नाही ना, हे तिथल्या नोंदीतून काढायचं आणि शिवाय विमानांवरच्या कर्ज-हक्कांसाठीच्या केपटाऊन या आंतरराष्ट्रीय कराराच्या नोंदणीतही पाहायचं. पण माझा जीव अडकतो तो तपासणीत. बोरोस्कोपची बारीक नळी इंजिनात घालून टर्बाइनचं एकेक पातं पडद्यावर बघायचं. एका विमानात इंजिनं उत्तम होती, रंग नवा होता, गाद्या नव्या होत्या. लँडिंग गिअरच्या, म्हणजे चाकांच्या सांगाड्याच्या, एका ठरावीक आयुष्याच्या भागाचा मात्र जन्मापासूनचा कागद सापडेना. मधल्या एका मालकाकडची काही पानंच नव्हती. कागद नाही म्हणजे तो भाग किती वेळा जमिनीवर आदळला ते माहीत नाही, आणि मग तो बदलणं आलं. विकणारा म्हणाला, "एवढ्याशा कागदासाठी सौदा मोडता?" आम्ही नवा भाग बसवून मागितला. त्याने नकार दिला आणि आम्ही दुसरं विमान पाहिलं.

एक गोष्ट हमखास विचारतो : गगन, म्हणजे उपग्रह दिशादर्शन अधिक अचूक करणारी भारतीय यंत्रणा, तिचे संकेत घेता येतील असा संच आहे का? भारतात 1 जुलै 2021 नंतर नोंदल्या जाणाऱ्या विमानांना तो लागतो. जुन्या विमानात तो नसेल तर बसवण्याचा खर्च आणि त्यात जाणारे आठवडे किमतीतून आधीच वळते करून घ्यायचे.

विमान आल्यावर आमचं दुसरं काम सुरू होतं. ऑपरेटरची बिलं तपासणं, देखभालीच्या तारखा सांभाळणं, वैमानिकांना सिम्युलेटरच्या प्रशिक्षणाला वेळेवर पाठवणं. पावसाळ्यात महिनाभर उभं राहिलेलं विमान रोज उडणाऱ्या विमानापेक्षा जास्त कुरकुर करतं. सील सुकतात, टाकीत पाणी साठतं, समुद्राकाठी गंज धरतो. म्हणून कोणाला जायचं नसलं तरी ठरावीक दिवसांनी इंजिन चालवायला लावतो. त्या इंधनाचं बिल पाहून मालकाचा फोन येतो आणि दर पावसाळ्यात मी तेच सगळं पुन्हा समजावतो. त्याला माझी ना नाही.

मुंबईला उतरणं दिवसेंदिवस अवघड झालं आहे. गर्दीच्या तासांत बिझनेस जेटना मनाई असते आणि फेब्रुवारी 2024 मध्ये हे मनाईचे तास आणखी वाढले. रात्री थांबायला जागा मिळत नाही, म्हणून माणसं उतरवून विमान रिकामं नाशिकला किंवा छत्रपती संभाजीनगरला पाठवायचं आणि सकाळी परत आणायचं. हा खर्च आम्ही पहिल्याच तक्त्यात वेगळ्या ओळीत दाखवतो. 25 डिसेंबर 2025 ला नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली, तेव्हापासून प्रत्येक मालक तिथल्या पार्किंगचं विचारतो. तिथे रात्रीची जागा मिळाली तर त्या रिकाम्या फेऱ्या वाचतील. सध्या आमच्याकडच्या प्रत्येक विमानाचा त्या ओळीपुरता हिशेब, जागा मिळाली तर आणि नाही मिळाली तर, असा दोन्ही बाजूंनी नव्याने मांडायचं काम चालू आहे.