आमची वाटचाल : टिकेऐवजी आकडा

भोसरीच्या एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात एका जुन्या सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) लेथवर आम्ही जॉबवर्क सुरू केले, तेव्हा आमचा संपूर्ण क्वालिटी विभाग म्हणजे माझे भागीदार अण्णा आणि त्यांचा २५-५० मिलिमीटरचा मितुतोयो कंपनीचा मायक्रोमीटर (बारीक माप घेणारे साधन). स्टँडर्डवर, म्हणजे नेमक्या मापाच्या तुकड्यावर, तपासल्याशिवाय त्याला ते कोणालाही हात लावू देत नसत. पुढची काही वर्षे बरी गेली.

मग ऑडिटसाठी म्हणून आम्ही एका सल्लागाराकडून ४२ मुद्द्यांची तयार चेकलिस्ट विकत घेतली आणि पाळी सुटताना सगळ्या चौकटींत एका दमात टिका (बरोबरच्या खुणा) मारण्याची सवय लागली. त्याच काळात ५० एच-६ च्या पिनांचा मोठा लॉट आला. म्हणजे व्यास ५० मिलिमीटरच्या वर जायचा नाही आणि खाली १६ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पलीकडे नाही. तिसऱ्या पाळीत कापताना जॉब गार ठेवणाऱ्या कूलंटची टाकी तळाला गेली, जॉब गरम निघू लागला आणि सेटरने (मशीन लावून देणाऱ्याने) तो तसाच मोजून ऑफसेट, म्हणजे मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती, कमी केला. ५० मिलिमीटरचे पोलाद १० अंशांनी तापले की जवळजवळ ६ मायक्रॉन फुगते, हे आपल्या धंद्यात कोणाला सांगायला नको. सकाळी गार झालेल्या पिना मापाच्या खाली गेलेल्या होत्या. मोठी पिन पुन्हा चकात धरता येते, लहान झालेली थेट भंगारात जाते. त्या रात्रीच्या यादीवर मात्र ‘कूलंट पातळी’सह ४२ टिका होत्या.

बँकेचे हप्ते थकले. रोज आमच्याकडे चहाला येणारे शेजारच्या गाळ्याचे मालक त्याच आठवड्यात आमच्या ग्राहकाकडे कमी दराचे कोटेशन घेऊन गेले, हे मी आजही विसरलेलो नाही. पंप बनवणाऱ्या त्या कंपनीचे खरेदी अधिकारी मात्र स्वतः आले, स्टुलावर बसून त्यांनी यादी वाचली आणि एवढेच विचारले, “यातले या पिनेचे मुद्दे किती?” मोजले तर चार निघाले.

अण्णांनी ऑपरेटरांना घेऊन प्रत्येक जॉबची वेगळी यादी केली. त्यांत नऊच्या वर मुद्दे नाहीत आणि टिकेच्या जागी आकडा लिहायचा : टाकीची पातळी, कूलंटची तीव्रता दाखवणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरचे रीडिंग, ड्रॉइंगचा रिव्हिजन क्रमांक, गार झालेल्या पहिल्या पीसचे माप. आता हे मोबाईलवर चालते. जुन्या जॉबची यादी उचलून तीत बदल करता येतात, आणि आकडा भरल्याशिवाय पुढचा मुद्दा उघडत नाही. नव्या कारखानदारांनी तयार यादी घेऊ नये, आणि ज्या मुद्द्याने वर्षभरात एकदाही काम थांबवले नाही, तो अजून हवा का, हे ऑपरेटरलाच विचारावे.

आमचा एक सेटर पुढे शेजारी गेला, त्याच्याबरोबर यादीही गेली. त्यांच्या ॲल्युमिनियम हाउसिंगच्या यादीत अजून ‘पिन गार झाली का’ असा मुद्दा आहे, असे ऐकतो. ॲल्युमिनियम पोलादाच्या दुप्पट फुगते, हे त्यांना अण्णा सांगायला जाणार नाहीत.