कमरेची तलवार सगळ्यात शेवटी

लढाई संपली की चौदाव्या शतकातला जपानी योद्धा आधी जखम बांधायचा आणि मग अर्ज लिहायला घ्यायचा. या अर्जाला गुनचूजो म्हणत. अमुक तारखेला, अमुक सरदाराच्या हाताखाली, अमुक ठिकाणी लढलो, माझा अमका माणूस पडला, तमक्याच्या डाव्या मांडीत बाण घुसला, जखम खोल आहे, घोड्यालाही लागलं, आणि हे पाहणारे साक्षीदार हे असे. छावणीत जखमा तपासल्या जात, आणि कागदाच्या शेवटी वरिष्ठ 'पाहिले' अशा अर्थाचा शेरा मारून खाली सही ठोकत. हा कागद असला तरच जमीन मागायला तोंड असायचं. म्हणून घराण्यांनी हे अर्ज पिढ्यान्‌पिढ्या जपले आणि आज ते अभ्यासकांच्या हाती आहेत.

त्यातल्या जखमा मोजल्या तर सामुराई म्हणजे तलवारबाज ही समजूत तिथल्या तिथे ढासळते. चौदाव्या शतकातल्या जखमांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश बाणाच्या आहेत, तलवारीच्या साधारण एक चतुर्थांश, आणि भाल्याच्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. 1467 मध्ये ओनिनचं युद्ध, म्हणजे सरदारांची आपसांतली यादवी, पेटली. त्यानंतरच्या शंभर-दीडशे वर्षांच्या नोंदींत भाला आणि बंदूक वर चढतात आणि तलवार इतकी खाली घसरते की दगडांनी झालेल्या जखमाही तिच्यापेक्षा जास्त भरतात. हो, दगड. गोफणीने आणि हाताने फेकलेले.

आकडे वाचताना एक खोच लक्षात ठेवायची. अर्जात जखमेचं वर्णन येतं ते जिवंत राहिलेल्याचं. मेलेल्यापुढे बहुतेकदा नुसतं 'मारला गेला' एवढंच. ज्याचं मुंडकं उतरलं त्याचा घाव या मोजणीत येत नाही. तेव्हा तलवारीचा खरा वाटा थोडा जास्त असणार. पण बाण एवढा पुढे आहे की चित्र काही पालटत नाही.

आणि ते स्वाभाविकच होतं. योद्ध्याच्या विद्येला जुनं नाव होतं 'धनुष्य आणि घोडा यांचा मार्ग'. जपानी धनुष्य दोन मीटरहून लांब, आणि मूठ मधोमध नसून खालून एक तृतीयांशावर. लाकूड आणि बांबूच्या पट्ट्या चिकटवून ते करत. मध्य आशियासारखं शिंग आणि स्नायू लावलेलं आखूड, जोरकस धनुष्य तिथे रुजलं नाही. बांबू-लाकडाला फार वाकवलं तर ते मोडतं, म्हणून लांबी वाढवायची. घोड्यावर बसून एवढं लांब धनुष्य मानेवरून उजवीकडे नेणं जिकिरीचं, त्यामुळे स्वार डाव्या बाजूलाच नेम धरायचा. दोन स्वार एकमेकांभोवती फिरत, ते दुसऱ्याला आपल्या डावीकडे ठेवायला. उजवी-मागची बाजू उघडी पडली की संपलं. भरधाव घोड्यावरून चिलखताच्या फटीत बाण घालायचा तर अंतर दहा-पंधरा मीटरच्या आसपास आणावं लागे. शंभर पावलांवरून अचूक नेम वगैरे कथाकाराची करामत.

चिलखतही धनुर्धारी स्वारासाठीच बेतलेलं. ओयोरोई या जुन्या चिलखताचं वजन पंचवीस किलोच्या पुढे, आणि ते बहुतेक खांद्यावर. लोखंडाच्या आणि चामड्याच्या लहान पट्ट्यांना उरुशी झाडाच्या चिकाचा लेप देऊन त्या रेशमी दोऱ्यांनी विणलेल्या. दोन्ही हात धनुष्यात अडकलेले, ढाल धरायची कशाने? म्हणून दंडांवर दोन मोठे चौकोनी पडदे लोंबत. धनुष्य ताणलं की ते मागे सरकत, पुढे वाकलं की अंगावर येत. खोगिरावर हे सगळं उत्तम. पायउतार झालं की तेच चिलखत गळ्यात दगड बांधल्यासारखं. शिवाय रेशीम पावसात भिजलं की जड होतं, वाळता वाळत नाही, थंडीत गोठून कडक होतं, आणि लांबच्या मोहिमेत त्यात उवा होतात. सोळाव्या शतकात सलग पत्र्यांची, निम्मं वजन कमरेवर पेलणारी चिलखतं आली, त्यात बंदुकीइतकाच या कटकटीचाही हात आहे.

घोडा? पडद्यावर दिसतो तसा उमदा, उंच घोडा विसरा. कामाकुराच्या किनाऱ्यावर झाइमोकुझाला सापडलेल्या हाडांवरून खांद्यापर्यंतची उंची सरासरी 130 सेंटीमीटरच्या आसपास येते. आपल्या भीमथडी तट्टांची आठवण व्हावी असा प्रकार: चिवट, डोंगराला पक्का, पण लहान. नाल नसायची, खुरांना गवताचे जोडे बांधत, आणि ते झिजले की वाटेत बदलत. चिलखतासकट स्वार म्हणजे नव्वद किलोच्या घरातलं ओझं. असा घोडा थोडं अंतर झेपावतो. मैलभर दौडत शत्रूची फळी फोडत नाही.

लढायचं कशासाठी, तर बक्षिसासाठी. यात लाजण्यासारखं त्यांना काही वाटत नसे. 1274 मध्ये मंगोल फौज जपानच्या हाकाता बंदराशी उतरली तेव्हा हिगो प्रांतातला ताकेझाकी सुएनागा स्वतःसकट पाच स्वार घेऊन पुढे घुसला. आपल्याकडच्या शिलेदारासारखाच, घोडा-हत्यार घरचं. त्याला लागलं, घोड्यालाही लागलं, मागून आलेल्या दुसऱ्या तुकडीमुळे तो वाचला. बक्षीस काही आलं नाही. 1275 मध्ये घोडा आणि खोगीर विकून त्याने वाटखर्च उभा केला आणि लष्करी सरकारचं ठाणं असलेलं कामाकुरा थेट गाठलं. तिथे बक्षिसांचं काम पाहणाऱ्या आदाची यासुमोरीने विचारलं, मुंडकं आणलंस का, तुझं कुणी मेलं का? दोन्हींचं उत्तर नाही. पण सगळ्यांत आधी मी पुढे गेलो, साक्षीदाराला विचारा, एवढ्या एका मुद्द्यावर तो अडून बसला आणि काइतो इथला अधिकार आणि एक घोडा पदरात पाडून घेतला. पुढे त्याने हे सगळं चित्रांच्या गुंडाळीत काढून घेतलं. ती गुंडाळी आजही आहे. वतनाच्या कज्ज्यांचे जुने मराठी कागद चाळलेल्या माणसाला हा सुएनागा परका वाटणार नाही.

मुंडक्यांचा हिशोबही याच जातीचा. ती धुऊन, केस विंचरून, नावाची चिठ्ठी बांधून सरदारापुढे मांडत. अडचण अशी की मुंडकं हाती लागलं की माणूस लढाई सोडून ते दाखवायला मागे पळायचा आणि फळी विस्कटायची. म्हणून 1338 मध्ये को नो मोरोनाओ या सेनापतीने नियम केला: शेजारच्याने पाहिलं की पुरे, मुंडकं तिथेच टाकून पुढे चला. तरी मुंडक्याचा मोह सुटला नाहीच. 1600 मध्ये ओगाकी किल्ल्यात अडकलेल्या एका मुलीने म्हातारपणी सांगितलेली हकीकत आहे: किल्ल्यातल्या बायका आणलेल्या मुंडक्यांचे दात काळे करत. काळे दात म्हणजे वरच्या दर्जाचा माणूस, म्हणजे बक्षीस मोठं. हजेरीपटात खाडाखोड करण्याचाच हा प्रकार.

आता तलवार. पातं साधारण 70 सेंटीमीटर, वजन किलोच्या थोडं वर. पोलाद दहा-पंधरा वेळा दुमडून ठोकायचे, म्हणजे हजारो थर होतात, पण त्यात जादू नाही. काळ्या वाळूतून काढलेल्या लोखंडात मळी असते आणि कार्बन एकसारखा पसरलेला नसतो. दुमडून ठोकलं की मळी निघते आणि कार्बन सारखा होतो. नको तितकं दुमडलं तर कार्बन जळून धातू मऊ पडतो. धार कठीण असल्याने चिलखतावर मारली की तिचे टवके उडतात. म्हणून चिलखतवाल्यावर तलवार चालवायची ती काखेत, गळ्याशी, मांडीच्या आत, तोंडावर. बाण संपले, भाला मोडला, मिठी पडली की मग तलवार, आणि शेवटी कट्यारीएवढं आखूड पातं. कमरेला रोज तीच असायची, म्हणून ती ओळख झाली. सतराव्या शतकापासूनच्या शांततेच्या अडीचशे वर्षांत तिला 'सामुराईचा आत्मा' करून टाकलं.

सोळाव्या शतकात मैदान पायदळाचं झालं. ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराच्या भालेकऱ्यांचे भाले सहा मीटरहून लांब होते. एवढा लांब भाला भोसकण्यापेक्षा वरून खाली हाणायला जास्त उपयोगी. ओळीने उचलायचे, ओळीने आपटायचे. समोरची रांग वाकली की मग टोक.

बंदूक आली 1543 मध्ये, तानेगाशिमा बेटावर, पोर्तुगीजांबरोबर. आपल्या ओळखीची तोड्याची, म्हणजे पेटत्या वातीची, ठासणीची बंदूक. इथे गोव्याचा धागा खरोखरच आहे: तिची झटकन खाली पडणारी कळ पोर्तुगीजांच्या आशियातल्या बंदुकांसारखी आहे, म्हणून तिचं मूळ गोवा-मलाक्का पट्ट्यात शोधलं जातं. बेटाच्या धन्याने दोन बंदुका घेतल्या आणि लोहाराला नक्कल करायला सांगितलं. नळी जमली, पण मागचं तोंड बंद करणारा आट्यांचा स्क्रू जमेना. आटे पाडणं तिथे ठाऊकच नव्हतं. पुढच्या वर्षी आलेल्या परदेशी कारागिराकडून ते शिकून घेतलं. दारू ओता, गोळी सोडा, गजाने ठासा, कानाशी रंजक, म्हणजे पेट घेणारी बारीक दारू, घाला, झाकण लावा, मगच पेटता तोडा चिमट्यात अडकवा. झाकण विसरलं तर ठिणगीने बार स्वतःच्याच तोंडाशी उडायचा. मोजून भरलेल्या नळकांड्या कमरेला असल्या तरी पुन्हा भरायला वीस-तीस सेकंद सहज जात. आणि पाऊस आला की सगळं ठप्प.

म्हणून 1575 च्या नागाशिनोच्या, नोबुनागा विरुद्ध ताकेदा घराणं अशा लढाईची ती प्रसिद्ध गोष्ट, तीन हजार बंदुका, तीन रांगा, आळीपाळीने अखंड गोळीबार, जपून घ्यावी. नोबुनागाच्या पदरी असलेल्या ओता ग्यूइचीच्या वृत्तांतात बहुतेक प्रतींत हजारच्या आसपास बंदुका आणि पाच अधिकारी आहेत. तीन रांगा नाहीत. त्या नंतरच्या लेखकाने रंगवल्या. ताकेदांच्या तुकड्या एकामागून एक कुंपणांवर येत राहिल्या आणि लढाई सकाळपासून दुपारपर्यंत चालली. कुंपण, पुढचा ओढा आणि मागचं मोठं सैन्य यांचं श्रेय बंदुकीने एकटीनेच खाल्लं.

सामुराईंच्या निष्ठेच्या गाजलेल्या संहितेबद्दल एवढंच: 1600 मध्ये सेकिगाहाराच्या निर्णायक लढाईत कोबायाकावा हिदेआकी या सरदाराने ऐन वेळी बाजू बदलली आणि निकाल फिरवला. मरणाचे मोठे धडे देणारी पुस्तकं नंतरच्या, लढाया थांबलेल्या काळातली.

'बंदूक नाकारून तलवारीनिशी मेलेले शेवटचे सामुराई' हा समज 1877 च्या, नव्या सरकारविरुद्धच्या सात्सुमाच्या बंडावरून आला. त्या बंडाची ठिणगी पडली कागोशिमाची सरकारी दारूगोळ्याची गोदामं लुटण्यातून. बंडाचा नेता साईगो ताकामोरी याच्या माणसांकडे बंदुका होत्या, पण बऱ्याचशा तोंडाकडून भरायच्या, आणि मार्चच्या पावसात त्या दगा देत. ताबारुझाकाच्या चढावर तलवारी उपसलेली खास तुकडी तर सरकारनेच, पोलिसांमधून, पाठवली होती. त्या चढावरच्या मातीत पुढे सापडले ते शिशाचे गोळे: दोन्हीकडून सुटलेल्या गोळ्या हवेत एकमेकींवर आदळून चिकटलेल्या.