पेरूतलं पेक्टिन आतड्यात कोण तोडतं?

पेक्टिन म्हणजे फळांच्या पेशीभित्तीतला, जॅम-जेली घट्ट करणारा तंतू. महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीत तो बेताचाच. म्हणून जॅमला पेक्टिन वरून घालतात. साखर 65 टक्क्यांच्या आसपास आणि पीएच (आंबटपणाचं माप) 3च्या जवळ आला की जॅम धरतो. पेरूत ते भरपूर असल्यानं जेली नुसत्या साखर-लिंबावर होते. पेरू फार पिकलेला असला तर मात्र जेली पातळच राहते, कारण फळातल्याच एन्झाइमांनी तोवर पेक्टिनचे तुकडे पाडलेले असतात.

आपल्या शरीराकडं पेक्टिन तोडणारं एकही एन्झाइम नाही. लहान आतड्यातून ते जवळपास जसंच्या तसं पुढं सरकतं आणि मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या हाती लागतं.

पेक्टिनचा मुख्य भाग म्हणजे गॅलॅक्टुरोनिक आम्लाची लांब साखळी, तिच्यावर जागोजागी मिथाइल गट (कार्बन-हायड्रोजनचे छोटे तुकडे). हे गट दाट असतील तर पेक्टेट लायेज या जिवाणूंच्या एन्झाइमला साखळी नीट धरता येत नाही. आधी पेक्टिन मिथाइल एस्टरेज हे दुसरं एन्झाइम ते गट उतरवतं (त्यात किंचित मिथेनॉल सुटतं), मग लायेज कॅल्शियमच्या मदतीनं साखळी छाटतं. भाजी शिजवताना सोडा टाकला की गाजर गिच्च होतं, तिथंही साखळी याच पद्धतीनं तुटते. फक्त सोड्याला आणि उष्णतेला मिथाइल गट असलेली साखळी लागते, पेक्टेट लायेजला नसलेली.

जिवाणूंचं खरं कसब साखळीच्या गुंतागुंतीच्या भागात दिसतं. ऱ्हॅम्नोगॅलॅक्टुरोनन-2 या तुकड्यात 13 प्रकारच्या शर्करा आणि 21 वेगवेगळे बंध. बॅक्टेरॉइडिस थिटायोटाओमायक्रॉन हा आतड्यातला जिवाणू त्यातला एक बंध सोडून सगळे तोडतो, हे 2017 साली प्रसिद्ध झालं. एका जिवाणूनं एवढी हत्यारं बाळगावीत, हे थक्क करणारं आहे.

जिवाणू पेक्टिन आंबवतात त्यातून मुख्यतः ॲसिटेट हे छोटं मेदाम्ल तयार होतं. फिकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झी हा दुसरा जिवाणू ते उचलून ब्युटिरेट हे आणखी एक मेदाम्ल बनवतो, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी बहुतांशी त्यावरच जगतात.

चमचाभर जॅममधून पेक्टिन नावालाच मिळतं, साखर मात्र निम्म्याहून जास्त. त्यापेक्षा पेरू सालीसकट, चावून खावा. रस गाळला की बरंचसं पेक्टिन चोथ्यात जातं. ज्यांच्या जेवणात फळं-भाज्या कमी, त्यांनी एकदम दोन-तीन पेरू खाऊ नयेत. आंबवण्यात हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो, पोटाला गुबारा धरतो. सुरुवातीला अर्धा पेरू पुरे. चार-पाच दिवस त्रास झाला नाही तर एक करावा, पोट फुगलं तर पुन्हा अर्ध्यावर यावं.