छेद नकाशा मागा, चित्रं नकोत

पुण्यातल्या 44 किलोमीटरच्या नदीकाठ सुधारणा प्रकल्पावर दोन्ही बाजू भांडतात ती संगणकावरच्या चित्रांवरून. भराव कुठे संपतो आणि पात्र किती उरतं, हे छेद नकाशातच, म्हणजे नदी काठापासून काठापर्यंत आडवी कापून दाखवणाऱ्या आकृतीतच कळतं.

पूररेषा म्हणजे ठरावीक विसर्गाला पाणी जिथवर पसरतं ती हद्द. मुठेची निळी पूररेषा 60 हजार क्युसेक (सेकंदाला घनफूट) विसर्गाची, लाल 1 लाखाची. 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून सुटलं 35 हजारांच्या आसपास, म्हणजे सेकंदाला साधारण 10 लाख लिटर. तेवढ्याच विसर्गाला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. धरणाखालचे ओढेनाले या आकड्यात धरलेलेच नसतात.

निळ्या रेषेच्या आत इमारत नाही. बाग, पार्किंग, स्मशानभूमी चालते. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे बांधता येतं, पण जोतं, म्हणजे इमारतीचा पाया जमिनीवर जिथवर येतो तो भाग, लाल रेषेच्या पातळीहून 0.45 मीटर वर हवं. खरी मेख इथे आहे. ती उंची खांबांवर गाठली तर पाणी खालून निघून जातं. भराव टाकून गाठली, तर त्या प्लॉटवर पसरणारं पाणी शेजारी किंवा समोरच्या काठावर चढतं. नवी इमारत कोरडी राहते आणि पन्नास वर्षांची जुनी सोसायटी बुडते. म्हणून जोतं कशावर उभं आहे, हे आधी विचारा.

आता वाट. काठावरचा पदपथ सार्वजनिक असतोच, प्रश्न तिथवर पोचण्याचा. विकास आराखड्याच्या भाग नकाशावर रस्ता काठाला खरंच टेकतो की एखाद्या प्लॉटच्या सीमाभिंतीशी संपतो, ते बघा. सोसायटीचा अंतर्गत रस्ता धरू नका. तिथे उद्या गेट बसतं. पदपथ 4 मीटर खाली असेल तर 1:12 उताराच्या रॅम्पला 48 मीटर लांबी लागते, मधले सपाट टप्पे वेगळे. एवढी जागा आधी राखली नाही की मग नुसता जिना बांधतात, आणि व्हीलचेअर, बाबागाडी वरच राहते.

आराखड्यात फेरबदलाची, नगररचना कायद्याच्या कलम 37 ची नोटीस निघाली की हरकतीला एक महिना मिळतो. ‘नदी वाचवा’ एवढंच लिहिलेले अर्ज एका गठ्ठ्यात निकालात निघतात. सर्व्हे नंबर, रस्त्याची रुंदी, जोत्याची पातळी लिहा, सुनावणी मागा आणि प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.